विकास आराखड्यात तुमची वस्ती दिसते का?

मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, तेव्हा वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी एक साधा प्रश्न लावून धरला. समुद्रात उभ्या राहणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमधून आमच्या होड्या ये-जा कशा करणार? आराखड्यात हे अंतर ६० मीटर धरलं होतं. गणिताने ते पुरेसं ठरत होतं. पण कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून पहाटे बाहेर पडणाऱ्या माणसाला पाण्याखालचे खडक कुठे आहेत, वारा फिरला की होडी किती बाजूला ढकलली जाते, खवळलेल्या समुद्रातून परतताना किती मोकळी जागा हाताशी लागते, हे पिढ्यांच्या सवयीने ठाऊक असतं. निवेदनं झाली, बैठका झाल्या, मच्छीमारांनी होड्या घेऊन समुद्रात काम अडवलं. अखेर २०२२ सरता सरता सरकारने १२० मीटर अंतर मान्य केलं. त्यासाठी एक खांब वगळावा लागला, आराखडा बदलावा लागला आणि खर्चही वाढला. हेच बोलणं पहिली रेघ ओढण्यापूर्वी कोळीवाड्यात बसून झालं असतं, तर भांडणात गेलेली वर्षं वाचली असती.

शहराच्या कारभारात संस्कृतीचं काय काम, असं कुणी विचारलं की मी वरळीच्या या खांबांचं उदाहरण देतो. आपल्याकडे महापालिकेत ‘संस्कृती’ म्हटलं की महोत्सव, चौकातला पुतळा, नाट्यगृहाचं भाडं आणि उड्डाणपुलाखालची रंगीत चित्रं एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्याला अंदाजपत्रकात एक बारीकशी तरतूद असते आणि वर्षअखेरीस तीही वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवली जाते. माणसं एखादी जागा कशी वापरतात, कशासाठी जपतात, कोणत्या वेळी तिथे जमतात, कुणाला तिथे यायची मोकळीक आहे आणि कुणाला नाही, ही सगळी माहिती संस्कृतीतच मोडते. ती नगररचना विभागाच्या टेबलावर पहिल्या दिवशी पोचली पाहिजे. ती कशी पोचवायची, हे इथे सांगायचं आहे. नगरसेवक, मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटातल्या ताई, सोसायटीचे सचिव आणि महापालिकेत नुकतेच लागलेले अभियंते, या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे.

आधी कायद्याचा आधार पक्का करून घेऊ, कारण कार्यालयात पहिलं वाक्य बहुधा ‘हे आमच्याकडे येत नाही’ असंच ऐकू येतं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने घटनेला बारावी अनुसूची जोडली आणि नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय त्यात दिले. शहर नियोजन, रस्ते, पाणी यांच्याच रांगेत तेरावा विषय आहे तो सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा. समाजातल्या दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषयही त्याच यादीत आहेत. म्हणजे संस्कृती आणि समावेशकता या दोन्ही गोष्टी रस्ता आणि गटाराइतक्याच महापालिकेच्या कामात बसतात. अर्जात या अनुसूचीचा उल्लेख एका ओळीत जरूर करा. त्याने समोरचा माणूस लगेच बदलत नाही, पण अर्ज भलत्या विभागाकडे ढकलणं त्याला अवघड जातं.

वस्तीचा नकाशा आपण काढायचा

विकास आराखडा करताना महापालिका सर्वेक्षण करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करते. त्यात निवासी, वाणिज्य, सार्वजनिक, मोकळी जागा असे रंग असतात. या रंगांत झाडाखालचा पार बसत नाही. सकाळी आठला कामगारांनी भरणारा मजूर अड्डा बसत नाही. मंगळवारी भरणारा आठवडे बाजार उरलेले सहा दिवस ‘मोकळा भूखंड’ दिसतो. मरीआईचं ठाणं अतिक्रमण ठरतं आणि मुलींच्या लेझमीच्या सरावाची जागा वाहनतळासाठी सोयीची वाटते. सर्वेक्षण करणारा माणूस दुष्ट असतो असं नाही. तो दुपारी बारा वाजता येऊन गेलेला असतो, एवढंच.

म्हणून पहिलं काम हे की आपल्या प्रभागाचा नकाशा आपण काढायचा. त्याला भारी यंत्रणा लागत नाही. प्रभागाचा मोठा छापील नकाशा घ्या, मोबाइलवरचा उपग्रह नकाशा जोडीला ठेवा आणि सात-आठ जणांनी चालत निघा. एकदाच जाऊ नका. पहाटे, दुपारी, संध्याकाळी दिवेलागणीनंतर आणि बाजाराच्या दिवशी, अशा वेगवेगळ्या वेळी तोच भाग पाहा. प्रत्येक जागेपुढे चार गोष्टी लिहा: इथे काय चालतं, कोण येतं, कधी येतं आणि जागा कागदोपत्री कुणाची आहे. चौथं उत्तर तुमच्याकडे नसेल तर सिटी सर्व्हे क्रमांक तरी लिहून घ्या, पुढे तोच लागतो.

काय काय टिपायचं, हे वस्तीगणिक बदलतं. कोल्हापुरात तालमी टिपल्या नाहीत तर अर्ध्या पेठांचं सार्वजनिक जीवन नकाशावरून गळेल, कारण तिथली तालीम कुस्तीपुरती कधीच नव्हती. उत्सव, फुटबॉलचा संघ, अडीनडीची मदत, सगळं तिच्याभोवती चालतं. जुन्या गावठाणात विहीर, चावडी, पालखीचा मार्ग, ताबुतांचा मार्ग, उरुसाची जागा येते. कामगार वस्तीत भजनी मंडळाची खोली, कॅरमचा क्लब, बुद्धविहार, वाचनालय. नव्या उपनगरात ज्येष्ठांचा कट्टा, छठपूजेचा घाट, ओणमला एकत्र येणाऱ्या लोकांनी भाड्याने घेतलेलं सभागृह. आणि स्मशान, दफनभूमी विसरू नका. अंत्यविधीची जागा कोणत्या समाजाला जवळ आहे आणि कोणाला दहा किलोमीटर जावं लागतं, यावरून शहर समावेशक आहे की नाही ते नेमकं कळतं.

धारावीचा कुंभारवाडा इथे डोळ्यांपुढे ठेवावा. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी वसवलेली ही वस्ती. घरात चाक, दारासमोर माती मळायची जागा, मागे चार-पाच घरांत मिळून भट्टी, वर माळ्यावर झोपायची सोय. सर्वेक्षणाच्या तक्त्यात याला ‘झोपडी’ म्हणतात आणि बदल्यात ठरलेल्या चौरस फुटांची सदनिका देऊ करतात. सातव्या मजल्यावर भट्टी लावता येत नाही. मडकी वाळवायला ऊन आणि जमीन लागते. तक्त्यात ‘इथे काय काम चालतं’ हा रकाना सुरुवातीपासून असता, तर पुनर्विकासाचं बोलणंच वेगळ्या पायावर उभं राहिलं असतं. तुमच्या भागात पापड लाटणाऱ्या, बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या माणसांची घरं असतील, तर राहणं आणि काम करणं एकाच छताखाली चालतं, ही नोंद ठळक अक्षरांत करा.

हरकत कशी लिहायची

महाराष्ट्रात विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली होतो. एकदा मंजूर झाला की तो साधारण वीस वर्षं शहरावर राज्य करतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्याला या समितीपुढे आपलं म्हणणं मांडता येतं. शहराच्या आयुष्यात सामान्य माणसाला इतका थेट अधिकार फार थोड्या वेळा मिळतो, आणि बहुतेक लोक ही जाहिरात पाहतही नाहीत.

हरकतींनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांना मुंबईची गोष्ट सांगा. २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारसा वास्तू चुकीच्या दाखवल्या होत्या, नसलेले रस्ते आखले होते, कोळीवाडे आणि गावठाणांच्या हद्दी नीट नव्हत्या. वास्तुविशारद, नागरिक गट, वस्त्यांमधल्या संघटना यांनी चुकांची यादीच काढली, हरकतींचा ढीग पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. सुधारित आराखडा पुढच्या वर्षी आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. तोही परिपूर्ण नाही. पण चुकीचा कागद परत पाठवता येतो, हे त्या प्रकरणाने दाखवून दिलं.

हरकत लिहिताना भावना शेवटी, माहिती आधी. ‘आमच्या परंपरेवर घाला’ या मथळ्याचा अर्ज सुनावणीत दोन मिनिटांत निकाली निघतो. त्याऐवजी असं लिहा: ‘पत्रक क्रमांक अमुक, सिटी सर्व्हे क्रमांक तमुक या जागेवर १२ मीटर रुंदीचा रस्ता प्रस्तावित आहे. या जागेवर दर मंगळवारी आठवडे बाजार भरतो. सोबतच्या तक्त्यात सलग चार मंगळवारी मोजलेल्या विक्रेत्यांची संख्या आणि छायाचित्रं जोडली आहेत. विक्रेत्यांत बहुसंख्य महिला असून त्या परिसरातल्या चार गावांमधून भाजी आणतात. रस्ता पूर्वेकडून वळवल्यास बाजार वाचतो. पर्यायी आखणीचा कच्चा नकाशा जोडला आहे. सदर जागेवर आठवडे बाजाराचं आरक्षण टाकावं, ही विनंती.’ जागा, पुरावा, परिणाम, पर्याय आणि नेमकी मागणी, या क्रमाने लिहिलेला अर्ज समितीला नाकारायचा झाला तरी कारण द्यावं लागतं. पोच घ्या. सुनावणीला एकट्याने जाऊ नका आणि तिथे ज्यांची जागा आहे त्यांनाच बोलू द्या. भाजीवाल्या मावशी दोन वाक्यं बोलल्या की समितीपुढचा कागद जिवंत होतो.

फाइल पाहायची असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. शिवाय २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचं परिपत्रक काढलं होतं. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीच सुरू होती. तुमच्या महापालिकेत ही वेळ पाळली जाते का, हे आवक-जावक कक्षात विचारा. पाळली जात नसेल तर पाळा म्हणून अर्ज करा.

ज्यांची जागा, त्यांना आधी विचारा

आता महापालिकेच्या आणि शासनाच्या बाजूने बसणाऱ्यांशी थोडं बोलतो. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या विकासाचं काम सुरू होतं. त्यात भूमिगत वाहनतळाचं खोदकाम होतं. गर्दीच्या दिवशी वाहनांची सोय व्हावी हा हेतू वरवर पाहता चांगलाच. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या भूमीत, स्तूपाच्या लगत एवढा मोठा खड्डा पाहून लोक अस्वस्थ झाले. स्तूपाला धक्का बसेल, ही भीती होती. त्याहून मोठा प्रश्न होता तो आम्हाला कुणी विचारलं, हा. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले, आंदोलन पेटलं आणि त्याच दिवशी विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. मला या घटनेत सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे की निधी होता, मंजुरी होती, हेतू होता आणि तरी काम कोसळलं, कारण ती जागा लोकांच्या मनात काय आहे याची विचारपूस आराखड्याच्या टप्प्यावर झाली नाही. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची संमती म्हणजे समाजाची संमती, असं गृहीत धरणं महागात पडतं.

विचारपूस करायची तर वेळ आणि जागा नीट निवडा. सकाळी अकराला महापालिकेच्या सभागृहात बैठक ठेवली की निवृत्त पुरुष आणि पक्षाचे कार्यकर्ते येतात. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, त्यांच्याकडे अंगणवाडीत जावं लागतं. बांधकाम मजूर सकाळी अड्ड्यावरच भेटतात. कॉलेजच्या मुली संध्याकाळी सातनंतरच्या सभेला घरातून सुटत नाहीत. बहुभाषक वस्तीत सूचना फक्त वर्तमानपत्रातल्या सरकारी मराठीत देऊन भागत नाही. तिथे साध्या मराठीत फलक लावा, गरज असेल तिथे हिंदी, तेलुगू, कन्नड बोलणारा माणूस सोबत ठेवा. वडार, गोसावी, डोंबारी, नाथजोगी अशा भटक्या-विमुक्त समाजांतली कुटुंबं वर्षातले काही महिने गावाबाहेर असतात. ती परतल्यावर त्यांच्याकडे पुन्हा जावं लागतं. एवढं केल्याशिवाय ‘नागरिकांशी चर्चा झाली’ असं टिपणीवर लिहू नये.

पुणे महापालिकेला हे जमत नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण दर आषाढात ती ते करून दाखवते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामी येते. महापालिकेच्या शाळा दिंड्यांसाठी उघडल्या जातात. बाकं भिंतीला लावलेली, व्हरांड्यात पाण्याचे पिंप, आवारात फिरती शौचालयं, दाराशी दवाखान्याचं टेबल, पाय चोळून देणारे स्वयंसेवक. कोणती दिंडी दरवर्षी कुठे उतरते, हे शाळेच्या शिपायाला तोंडपाठ असतं. रस्ते कधी बंद, कधी खुले, हे तासांनुसार ठरतं. मुंबईत ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी शिवाजी पार्कवर मंडप, नळ, शौचालयं, आरोग्य कक्ष आणि पुस्तकांच्या दुकानांची सोय होते, तीही याच जातीची. लोक कोण आहेत, कधी येतात, त्यांना काय लागतं, हे विचारून ठरवलेलं नियोजन म्हणजे सांस्कृतिक नियोजनच. दोन-चार दिवस जे जमतं ते मजूर अड्ड्यावर शेड, पाणी आणि स्त्रियांसाठी शौचालय उभारताना का जमू नये? तिथेही रोज ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं येतात.

बाजार, नाट्यगृह आणि आवाज

आठवडे बाजार आणि जुनी मंडई यांच्यासाठी लढायची वेळ आली तर २०१४ चा पथविक्रेता कायदा हाताशी ठेवा. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना माहीत असते: पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार घोषित करायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. तुमच्या गावातला बाजार आजीच्या काळापासून भरत असेल तर पुरावे जमवा. जुनी छायाचित्रं, नगरपालिकेच्या बाजार फीच्या पावत्या, जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं, वयस्कर विक्रेत्यांची प्रतिज्ञापत्रं. हे सगळं समितीकडे द्या आणि ठराव मागा. बाजार हलवायची नोटीस आल्यावर हे करायला वेळ उरत नाही.

नाट्यगृहांबद्दल जीव तुटतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलं, १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालं आणि शेजारच्या खासबाग मैदानासह ते शहराचं सांस्कृतिक अंगण झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकार, रसिक, तालमीतली मुलं तिथे उभी राहून रडली, आणि त्याच गर्दीतून मागणी आली: होतं तसंच उभारा. दगडी भिंतींसह, त्याच बाजाने. शासनाला ती मान्य करावी लागली. पुण्यात १९६८ पासूनच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तेव्हाही रंगकर्मींनी असाच जोर लावला. माझं म्हणणं एवढंच आहे की ही ताकद आग लागल्यावर आणि पाडकामाच्या वेळीच दिसू नये. तुमच्या शहरातल्या नाट्यगृहाचं अग्निसुरक्षा परीक्षण शेवटचं कधी झालं, विद्युत यंत्रणा किती जुनी आहे, दुरुस्तीची तरतूद किती आणि खर्च किती झाला, हे दरवर्षी विचारा. स्वच्छतागृह बायकांना वापरता येतं का, हेही विचारा. व्हीलचेअरवरचा प्रेक्षक तिकीट काढून आत पोचू शकतो का, तेही. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो दरवर्षी अखर्चित राहिल्याच्या बातम्या वाचण्यापेक्षा त्यातून नाट्यगृहाला रॅम्प, सुलभ स्वच्छतागृह आणि सांकेतिक भाषेची सोय मागा. रंगमंचावर जायलाही रॅम्प हवा. दिव्यांग कलाकार विंगेतूनच चढतो, हे आराखडा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. भाड्याच्या दरांत हौशी, कामगार आणि बालनाट्य संस्थांसाठी वेगळा स्तर ठेवायचा ठराव नगरसेवक मांडू शकतात. त्याला खर्च जवळजवळ नाही.

आता एक नाजूक विषय. संस्कृतीचं नाव घेऊन दुसऱ्याला त्रास देणंही चालतं आणि दुसऱ्याला बाहेर ठेवणंही चालतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत सूट देता येते. हे १५ दिवस कोणते, याची यादी जिल्हा प्रशासन काढतं. ती यादी मिळवून वाचा. तिच्यात कोणकोणत्या समाजांचे दिवस आहेत, कुणाचा एकही नाही, हे पाहा आणि सुधारणा सुचवा. त्याचबरोबर रुग्णालयाजवळचं मंडळ, परीक्षेच्या दिवसांतली मिरवणूक, विसर्जनासाठी कृत्रिम हौदांच्या जागा, यावर मंडळांनी आणि रहिवाशांनी एकाच टेबलावर बसून आधीच ठरवावं. वर्षातून दोनदा अशी बैठक क्षेत्रीय कार्यालयाने बोलावली पाहिजे. सणाच्या आदल्या आठवड्यात पोलिस ठाण्यात होणारी शांतता समितीची बैठक त्याला पर्याय नव्हे.

नावांचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या सर्वात चांगल्या निर्णयांपैकी आहे, कारण पत्ता सांगताना मुलाची मान खाली जाऊ नये ही समावेशकतेची पहिली अट आहे. पण नवं नाव सभागृहातल्या पक्षबलावर ठरू नये. त्या वस्तीतल्या लोकांची सभा घ्या, दोन-तीन नावं सुचवू द्या, त्यांना हवं तेच ठरावात येऊ द्या. नुसती पाटी बदलून थांबलं तर गटार तसंच राहतं. नामांतराच्या ठरावासोबत त्याच वस्तीचा रस्ता, दिवे आणि अभ्यासिका यांचा प्रस्ताव जोडा.

पैसा आणि खुर्ची

अंदाजपत्रकात शिरल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं, ते पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतं. बहुतेक अर्ज पदपथ, बाकं आणि दिवे यांचे असतात. तेही हवेतच. पण पाराभोवतीचा कट्टा दुरुस्त करणं, तालमीत मुलींसाठी कपडे बदलायची खोली, समाजमंदिरात पंखे आणि पुस्तकांची कपाटं, भजनी मंडळ आणि बचत गट दोघांना वापरता येईल असं सभागृहाचं वेळापत्रक, हीसुद्धा अशीच छोटी कामं आहेत. पुण्यात हे अर्ज साधारण पावसाळ्याच्या अखेरीस घेतले जातात. दुसऱ्या शहरांत अशी सोय नसेल तर डिसेंबरपूर्वी आयुक्तांना आणि नगरसेवकांना लेखी द्या. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या सुमारास मांडलं जातं, त्या वेळी गेलात तर उशीर झालेला असतो. मार्चनंतर एकदा वर्गीकरणांचे ठराव तपासा. तुमच्या कामाचे पैसे चकाकत्या कमानीकडे वळले असतील तर तिथेच कळेल.

खुर्चीही मागा. तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्या लागतात, आणि महाराष्ट्रात त्यांच्यावर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. या जागा अनेक ठिकाणी रिकाम्या राहतात किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यांची तिथे वर्णी लागते. वाचनालय चालवणारी संस्था, महिला मंडळ, दिव्यांग संघटना, लोककलावंतांची संस्था यांनी नोंदणीची कागदपत्रं तयार ठेवून या जागांसाठी रीतसर अर्ज करावेत. राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूदही २००९ पासून आहे. मतदान केंद्राच्या पातळीवर मतदारांनी एकत्र बसून कामं ठरवायची, अशी ती कल्पना आहे. ती कागदावरून खाली उतरलेली नाही. नगरसेवकाने मनावर घेतलं तर त्याला आपल्या भागात अशी सभा भरवायला कोणी अडवत नाही. इतिवृत्त लिहा, सह्या घ्या, प्रभाग समितीकडे पाठवा. २०२२ पासून बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा लोकांना दाद मागायला जागाच उरली नव्हती. ज्या नगरसेवकांना तो काळ आठवतो, त्यांनी तरी हे दार उघडं ठेवावं.

सगळं एकदम होणार नाही, आणि करूही नका. एक जागा निवडा. येत्या सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन तुमच्या प्रभागाचा मंजूर विकास आराखडा पाहायला मागा, त्या जागेवर काय आरक्षण आहे ते उतरवून घ्या. जाताना वस्तीतली एखादी भाजीवाली, एखादा ज्येष्ठ आणि कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी, एवढ्यांना सोबत घ्या.